मधेच पंतप्रधान बदलला तर त्याला लोकांनी निवडलं असं म्हणायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही लेस्टरला राहता, पासपोर्ट अजून भारताचाच आहे, आणि कॉमनवेल्थ देशाचे नागरिक म्हणून तुम्हाला तिथल्या पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं. डिसेंबर २०१९ मधे मत दिलं तेव्हा समोर बोरिस जॉन्सन होते. त्याच टर्ममधे लिझ ट्रस आल्या, मग ऋषी सुनक आले, आणि तुम्हाला मधे एकदाही कुणी काही विचारलं नाही. तुम्ही असंही लिहिलंय की आपल्याकडे ज्यांचं एवढं कौतुक झालं ते लिओ वराडकर पण २०१७ साली निवडणूक न होताच आयर्लंडचे पंतप्रधान झाले. मग याला लोकशाही म्हणायचं का, आणि नेता बदलला की सहा महिन्यांत निवडणूक असा सरळ कायदा का करू नये?

मी ३१ वर्षं विधिमंडळ सचिवालयात काढली, त्यातली बरीचशी कामकाज शाखेत, म्हणजे अध्यक्षांच्या आसनाखाली जे टेबल असतं तिथं बसून. सरकारं येताना जाताना जवळून बघितली. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचा राग बरोबर आहे पण तो चुकीच्या जागी निघतोय. नेता मधेच बदलला हा दोष नाही. नव्या नेत्याला सभागृहात उभं करून, मोजून, नावानिशी मतं घेतली का, हा खरा प्रश्न आहे, आणि ब्रिटनमधे २०२२ ला नेमकं तेच झालं नाही.

आधी तुमच्या मतपत्रिकेचं बघू. तुम्ही लेस्टरमधे ज्या कागदावर फुली मारली त्यावर बोरिस जॉन्सन हे नाव नव्हतंच. ते नाव फक्त त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघात होतं, लंडनच्या पश्चिमेला अक्सब्रिजला. तुम्ही निवडला तो तुमचा खासदार. अशा ६५० खासदारांचं सभागृह झालं आणि त्यात ज्याला मेजॉरिटी तो पंतप्रधान. आपल्याकडे पण असंच आहे, राज्यघटनेच्या ७५व्या कलमात पंतप्रधान राष्ट्रपती नेमतात आणि मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या लोकसभेला जबाबदार असतं एवढंच म्हटलंय, जनता पंतप्रधान निवडते असं कुठंही लिहिलेलं नाही. आता तुम्ही म्हणाल की हे कागदावरचं झालं, प्रचार तर चेहऱ्यावरच होतो, पोस्टरवर एकाचाच फोटो असतो आणि लोक त्या फोटोला मत देतात. मान्य. म्हणूनच नुसतं कायदेशीर आहे म्हणून हात झटकून चालत नाही. कायदेशीर असणं वेगळं आणि लोकांनी 'हो, हा आपला' असं मनापासून मानणं वेगळं. अभ्यासक त्याला अधिमान्यता म्हणतात. पहिली गोष्ट शपथ घेतली की मिळते, दुसरी मिळवावी लागते, आणि ती कमी-जास्त होत असते.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा घटना समितीत मांडला ते भाषण मी नवीन लागलेल्या प्रत्येक मुलाला वाचायला लावायचो. त्यात अमेरिकेची पद्धत आणि आपली पद्धत यांची तुलना आहे. त्यांचा मुद्दा असा की अमेरिकेत सरकार जास्त स्थिर पण त्याची झडती ठरलेल्या मुदतीनंतरच होते, आणि संसदीय पद्धतीत ती दोनदा होते, एक रोजची आणि एक मुदतीची. रोजची झडती सभासद घेतात, प्रश्न विचारून, ठराव आणून, अविश्वास प्रस्ताव मांडून, आणि मुदतीची झडती मतदार घेतात, पाच वर्षांनी किंवा त्याआधी. आणि यातली रोजची झडती जास्त परिणामकारक आहे असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आता ही रोजची झडती खरी असायची असेल तर तिच्यातून एखादा पंतप्रधान मधेच जाऊ शकला पाहिजे ना? जाऊच शकत नसेल तर झडतीला अर्थ काय. म्हणजे नेता मधेच बदलता येणं हा या पद्धतीचा मुख्य भाग आहे, अपघात नाही. मतदारांनी सभागृहावर विश्वास टाकलाय, सभागृहानं तो नेत्याला उसना दिलाय, आणि उसनं दिलेलं कधीही परत मागता येतं.

पण परत मागताना आणि दुसऱ्याला देताना ते उघड्यावर झालं पाहिजे. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नाही, टेबलावर बसून शिकलो. विश्वासदर्शक ठरावाचा दिवस कसा असतो ते सांगतो. सकाळपासून आमच्याकडे कागदांची धावपळ, सभासदांची यादी बाकांच्या क्रमानं, दोन्हीकडच्या प्रतोदांच्या पक्षादेशाच्या प्रती, कोण आजारी आहे, कुणाला व्हीलचेअरवरून आणणार. मग चर्चा होते, पोल म्हणजे मोजून मतदान मागितलं जातं, घंटा वाजायला लागते आणि कँटीनमधले, कॉरिडॉरमधले सगळे धावत आत येतात. घंटा थांबली की मार्शल दारं लावून घेतात. एकदा एक सभासद दार लागल्यावर पोचले, काचेतून आतलं सगळं दिसत होतं, त्यांनी हात जोडले तरी दार उघडलं नाही, उघडता येतच नाही. मग एकेका रांगेतला सभासद उभा राहतो आणि आकडा बोलतो, एक, दोन, तीन, आणि आम्ही पेन्सिलनं खूण करत जातो. त्या वेळी पूर्ण सभागृहात चिडीचूप असते. आदल्या रात्रीपर्यंत दोन्हीकडे गोड बोलणारा माणूस त्या क्षणी कुठल्या रांगेत उभा राहतो ते त्याच्या मतदारसंघातला प्रत्येक माणूस बघत असतो, आणि ते रेकॉर्डवर कायमचं राहतं.

याच्या उलट काय असतं तेही बघितलंय. गटनेता बदलल्याची पत्रं. एका संध्याकाळी तासाभराच्या अंतरानं दोन पत्रं आली, दोन्हींवर सह्यांचे कागद जोडलेले, आणि काही नावं दोन्हीकडे. एका सभासदाची सही एका कागदावर नेहमीसारखी सरळ आणि दुसऱ्या कागदावर तिरपी, घाईत गुडघ्यावर ठेवून केल्यासारखी. कुठली खरी? कदाचित दोन्ही खऱ्या. कागदावरची मेजॉरिटी ही अशी असते. सर्वोच्च न्यायालयानं १९९४ ला बोम्मई खटल्यात बहुमताची परीक्षा राजभवनात नाही तर सभागृहातच असं सांगितलं, त्याची किंमत त्या सह्या बघितल्यावर मला कळली.

आता ब्रिटनचं बघा. जॉन्सनना त्यांच्याच खासदारांनी घालवलं. ६ जून २०२२ ला पक्षांतर्गत मतदानात ते २११ विरुद्ध १४८ असे वाचले, पण महिन्याभरात मंत्र्यांच्या राजीनाम्यांची रांग लागली आणि ७ जुलैला त्यांनी जायचं जाहीर केलं. इथपर्यंत सगळं ठीक, ही रोजची झडतीच होती. पुढं जे झालं ते नीट बघण्यासारखं आहे. कन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या नियमात आधी खासदार दोन नावं ठरवतात आणि त्यातलं एक पक्षाचे सामान्य सभासद निवडतात. खासदारांच्या शेवटच्या फेरीत सुनकना १३७ मतं, ट्रसना ११३, पेनी मॉर्डन्टना १०५. म्हणजे साडेतीनशेच्या वर खासदारांमधे ट्रसना तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी लोकांची पहिली पसंती. मग पक्षसभासदांची मतं झाली, पात्र सभासद १,७२,४३७, आणि ट्रस ८१,३२६ विरुद्ध ६०,३९९ नी जिंकल्या. ६ सप्टेंबरला बाल्मोरलला राणीनं त्यांना नेमलं. सभागृहात त्यांच्यावरच्या विश्वासाचं मतदान झालं का? नाही, कारण ब्रिटनमधे तशी पद्धतच नाही, राजा किंवा राणी नेमणार आणि विश्वास आहे असं गृहीत धरणार. साडेचार कोटींहून जास्त मतदार असलेल्या देशात ८१ हजार वर्गणीदारांचा कौल हा सभागृहाच्या विश्वासाच्या जागी बसला.

आणि ट्रस यांनी काय केलं, तर ज्या जाहीरनाम्यावर ते सगळे खासदार २०१९ ला निवडून आले होते तो बाजूलाच ठेवला. २३ सप्टेंबरचं ते मिनी बजेट, ४५ अब्ज पौंडांची करकपात, पैसे कुठून येणार त्याचा पत्ता नाही, सरकारी रोख्यांचा बाजार कोसळला आणि पाच दिवसांनी बँक ऑफ इंग्लंडला मधे पडावं लागलं. पण मला तर फ्रॅकिंगचं उदाहरण जास्त महत्त्वाचं वाटतं. जमिनीखालच्या खडकातून गॅस काढायची ही पद्धत. ती सुरक्षित आहे असं विज्ञान ठामपणे सांगेपर्यंत तिला पाठिंबा देणार नाही असं २०१९ च्या जाहीरनाम्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. ट्रस सरकारनं बंदी उठवली. १९ ऑक्टोबरला विरोधी पक्षानं त्यावर मतदान लावलं. सकाळी प्रतोदांनी आपल्या खासदारांना सांगितलं की हे सरकारवरच्या विश्वासाचं मतदान समजा, आणि ऐन मतदानाच्या तोंडावर एका मंत्र्यानं सभागृहात उभं राहून सांगितलं की तसं नाहीये. लॉबीत नुसता गोंधळ झाला. एवढी वर्षं हेच काम केल्यामुळं ते वाचताना मला अक्षरशः कसंतरी झालं, कारण मतदान विश्वासाचं आहे की नाही हेच सभासदाला माहीत नसेल तर त्याच्या मताला अर्थ काय राहिला. दुसऱ्या दिवशी ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. सगळे मिळून ४९ दिवस.

त्यानंतर सुनक आले ते कुणाच्याही मताशिवाय. पक्षानं उमेदवारीसाठी १०० खासदारांचा पाठिंबा अशी अट लावली, मॉर्डन्टनी माघार घेतली, आणि २५ ऑक्टोबरला सुनक पंतप्रधान. वरवर बघितलं तर तीनही जणांत सगळ्यात कमी 'निवडून आलेले' तेच, पक्षसभासदांनी तर सात आठवड्यांपूर्वी त्यांना नाकारलं होतं. तरी माझ्या मते त्यांचा पाया ट्रसपेक्षा पक्का होता, कारण निवडून आलेले खासदार खरोखर त्यांच्या मागं होते आणि फ्रॅकिंगची बंदी त्यांनी आल्या आल्या परत लावली, म्हणजे लोकांना दिलेल्या शब्दाशी निदान तेवढं नातं परत जोडलं. लोकप्रिय होते की नव्हते हा वेगळा विषय. पण सभागृहात मोजून घेतलं नाही ही उणीव त्यांच्या बाबतीतही राहिलीच.

आता वराडकरांकडे येऊ, तुम्ही त्यांना याच माळेत ओवलंय ते मला पटत नाही. वडील डॉ. अशोक वराडकर मूळचे मालवण तालुक्यातल्या वराडचे, लिओ डब्लिनला जन्मले, डॉक्टर झाले, राजकारणात गेले. २०१७ ला एन्डा केनी पायउतार झाले तेव्हा फिन गेल पक्षात निवडणूक झाली, त्यांचा नियम असा की संसदेतल्या सभासदांच्या मताला ६५ टक्के वजन, पक्षसभासदांना २५ आणि नगरसेवक वगैरेंना १०. सामान्य पक्षसभासदांनी ६५ टक्के मतं सायमन कव्हेनी यांना दिली, वराडकरांना ३५. पण संसदेतल्या ७३ जणांपैकी ५१ वराडकरांच्या बाजूनं होते, म्हणून ते जिंकले. ट्रसच्या बरोबर उलटं! तेव्हा काही लोकांना हे अन्यायाचं वाटलं, मला वाटत नाही, कारण त्या ७३ जणांना लोकांनी निवडलेलं होतं आणि पक्षाच्या सभासदाला कुणी निवडलेलं नसतं, तो वर्गणी भरून येतो.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. पक्षात जिंकून वराडकर पंतप्रधान झाले नाहीत. आयर्लंडच्या घटनेच्या १३व्या कलमाप्रमाणे राष्ट्राध्यक्ष पंतप्रधान नेमतात ते त्यांच्या कनिष्ठ सभागृहानं नाव सुचवल्यावरच. त्या सभागृहाला डॉल म्हणतात, आपली लोकसभा समजा. तर १४ जून २०१७ ला डॉलमधे मतदान झालं, बाजूनं ५७, विरुद्ध ५० आणि तटस्थ ४७. पक्षाकडे मेजॉरिटी नव्हतीच, १५८ च्या सभागृहात २०१६ ला ५० जागा आल्या होत्या, मुख्य विरोधी पक्षानं सरकार पाडणार नाही असा करार केलेला. म्हणजे आकडा दुबळाच होता, पण दुबळा आहे हे सगळ्यांना उघड दिसलं, कोण बाजूनं, कोण विरुद्ध, कोण गप्प बसलं सगळं नोंदलेलं. पुढं २०२० च्या निवडणुकीनंतर तीन पक्षांचं सरकार झालं आणि पहिली अडीच वर्षं मायकल मार्टिन, नंतर वराडकर असं वाटून घेतलं. ते आधी जाहीर केलं होतं, तरीही डिसेंबर २०२२ ला पाळी बदलताना परत डॉलचं मत घेतलं. २०२४ ला वराडकरांनी स्वतःहून पद सोडलं, सायमन हॅरिस आले, ९ एप्रिलला परत मतदान, ८८ विरुद्ध ६९. सात वर्षांत निवडणुकीशिवाय तीनदा नेता बदलला आणि तिन्ही वेळा सभागृहानं मोजून दिला. एवढंच नाही, १९९४ ला तर अल्बर्ट रेनॉल्ड्स यांचं सरकार पडल्यावर निवडणूक न घेता विरोधी पक्षाचे जॉन ब्रुटन पंतप्रधान झाले, सभागृह तेच आणि सत्तेतला मुख्य पक्षच बदलला.

आपल्याकडे दोन्ही नमुने झालेत. जानेवारी १९६६ मधे ताश्कंदला शास्त्रीजी गेले, तेव्हा मोरारजीभाईंनी बिनविरोध होऊ दिलं नाही, मतदान मागितलं, आणि काँग्रेसच्या संसदीय पक्षात इंदिराजी ३५५ विरुद्ध १६९ अशा निवडून आल्या. त्या तेव्हा राज्यसभेत होत्या, लोकसभेची एकही निवडणूक त्यांनी लढवलेली नव्हती, तरी खासदारांचं मतदान झाल्यामुळं त्यांना एक आधार मिळाला आणि वर्षभरात, १९६७ ला, त्या लोकांसमोर गेल्या. उलटं उदाहरण १९७९ चं. जुलैमधे मोरारजींच्या सरकारवर अविश्वास प्रस्ताव आला, तो मांडला होता यशवंतराव चव्हाणांनी, ते तेव्हा विरोधी पक्षनेते होते. मोरारजींनी मतदानाआधीच राजीनामा दिला. २८ जुलैला चौधरी चरणसिंग पंतप्रधान आणि यशवंतराव उपपंतप्रधान. चरणसिंगांना लोकसभेत बहुमत सिद्ध करायचं होतं, २० ऑगस्टला सभागृह भरणार आणि त्याच सकाळी इंदिरा काँग्रेसनं पाठिंबा काढल्यावर त्यांनी राजीनामा दिला. पंतप्रधान म्हणून लोकसभेला ते एक दिवसही सामोरे गेले नाहीत, तरी काळजीवाहू म्हणून जानेवारी १९८० पर्यंत पंतप्रधान राहिले. शेतकऱ्यांसाठी आयुष्य घालवलेला मोठा माणूस, पण त्या पाच महिन्यांना मी अधिमान्य सरकार म्हणू शकत नाही, कारण त्याला ना मतदारांनी निवडलं होतं ना सभागृहानं. त्या मानानं चंद्रशेखर, स्वतःचे साठ-पासष्ट खासदार असूनसुद्धा नोव्हेंबर १९९० ला सभागृहात उभे राहिले आणि विश्वासमत घेतलं. सरकार चार महिन्यांत गेलं ते वेगळं, पण जेवढे दिवस होतं तेवढे दिवस ते सभागृहाचं होतं.

राज्यांत तर हे पावलोपावली होतं. गोव्यात १७ मार्च २०१९ ला पर्रीकर गेले, १९ च्या पहाटे दोनच्या सुमारास प्रमोद सावंतांचा शपथविधी झाला आणि २० तारखेला २० विरुद्ध १५ असं विश्वासमत पण झालं. मध्यरात्रीची शपथ बरी दिसत नाही असं कुणी म्हणू शकतं, पण चौथ्या दिवशी मोजणी झाली होती. आपल्याकडे महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१४ ला फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानानं मंजूर झाला आणि त्यावर वाद झाला, शिरगणती झाली असती तर वादाला जागाच राहिली नसती. आणि जून २०२२ ला उद्धव ठाकरेंनी सभागृहाला सामोरं न जाता राजीनामा दिला, पुढं मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं असं म्हटलं तरी पूर्वस्थिती परत आणता येणार नाही असंच ठरवलं, कारण चाचणीच झाली नव्हती. सभागृहातली मोजणी टाळली की मग कोर्टालासुद्धा हात लावता येत नाही, इतकं तिचं वजन आहे.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला सगळ्यात जास्त टोचते. मोजणी खरी हवी असेल तर मत देणारा मोकळा हवा. मे १९४० मधे नॉर्वेच्या मोहिमेवरून ब्रिटनच्या सभागृहात चर्चा झाली, चेंबर्लेन सरकार २८१ विरुद्ध २०० असं जिंकलं, पण सरकारच्या बाजूचे चाळीसच्या आसपास खासदार विरुद्ध गेले आणि कितीतरी तटस्थ राहिले, त्या धक्क्यानं चेंबर्लेन गेले आणि चर्चिल आले. निवडणूक नाही, काही नाही, १९३५ चंच सभागृह. आज आपल्याकडे असं होऊ शकतं का? १९८५ च्या दहाव्या परिशिष्टानंतर पक्षादेशाविरुद्ध मत दिलं की सभासदत्व जातं. घोडेबाजार थांबवायला तो कायदा आला, हेतू चांगला होता, पण त्यामुळं एकटा सभासद मनासारखं मत देऊ शकत नाही, जायचं तर घाऊक गट करून जायचं, मग हॉटेलं, बस, विमानं. म्हणजे रोजची झडती सभागृहातून उठून दुसरीकडे गेली. माझं स्पष्ट मत आहे की पक्षादेश सरकार वाचवायच्या मतदानापुरता राहू द्या, पण पक्षाचा नेता कोण याचं मतदान खासदारांनी गुप्तपणे आणि खरं करावं, जसं १९६६ ला झालं तसं. आता तर बैठकीत एका ओळीचा ठराव होतो आणि बाहेर येऊन नाव सांगतात.

आता तुमचा कायद्याचा मुद्दा, नेता बदलला की सहा महिन्यांत निवडणूक. ऐकायला बरोबर वाटतं पण जरा ऑक्टोबर २०२२ मधे हा कायदा लावून बघा. ट्रसना घालवलं की निवडणूक लागणार आणि पक्षाची अवस्था एवढी वाईट की निम्म्याहून जास्त खासदार घरी बसणार. मग कुठल्या खासदारानं त्यांना हटवायची हिंमत केली असती? पंतप्रधान सांगू शकले असते, मला काढाल तर तुम्ही पण जाल. लोकांना जास्त अधिकार द्यायला आणलेला कायदा वाईट पंतप्रधानाचीच ढाल होतो. इस्राएलनं थोडा वेगळा उपाय करून बघितला, पंतप्रधान थेट लोकांनी निवडायचा, १९९६, १९९९ आणि २००१ अशा तीन वेळा तसं मतदान झालं, लोकांनी पंतप्रधानाला एक मत आणि पक्षाला वेगळंच मत दिलं, मोठे पक्ष बारीक झाले, सरकार चालवणं आणखी अवघड झालं आणि शेवटी कायदा मागं घेतला.

जर्मनीचा मार्ग मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. तिथं चॅन्सेलरला नुसतं पाडता येत नाही, त्याच मतदानात नवा निवडावा लागतो. १ ऑक्टोबर १९८२ ला हेल्मुट श्मिट यांना असंच काढून हेल्मुट कोल आले, २५६ मतांनी, कारण मधला छोटा पक्ष बाजू बदलून गेला. सगळं घटनेप्रमाणे. तरी देशात कुरबुर होती, कारण त्या छोट्या पक्षानं १९८० ला श्मिट यांच्याबरोबर राहू म्हणून मतं मागितली होती. कोल यांनी मुद्दाम स्वतःच विश्वासमत हरून निवडणूक लावून घेतली, कोर्टात प्रकरण गेलं, कोर्टानं चालू दिलं, आणि ६ मार्च १९८३ ला लोकांनी त्यांना निवडून दिलं. कायदा सक्ती करत नव्हता, तरी युतीनं लोकांना दिलेला शब्द मोडला गेला होता त्यामुळं लोकांकडे जाणं भाग आहे हे त्यांनी ओळखलं. माझी कसोटी अशीच आहे. माणूस बदलला आणि कार्यक्रम तोच असेल तर उरलेली टर्म पूर्ण करायला काही हरकत नाही. कार्यक्रम उलटा फिरवायचा असेल किंवा जोडीदार बदलायचे असतील तर लवकर लोकांकडे गेलं पाहिजे. ब्रिटनमधे मधेच पंतप्रधान झालेल्या गॉर्डन ब्राऊन यांनी २००७ ला निवडणूक घेणार घेणार अशी हवा होऊ दिली आणि मग मागं घेतली, ते शेवटपर्यंत त्यांना चिकटलं. तशाच आलेल्या थेरेसा मे २०१७ ला लोकांकडे गेल्या आणि असलेली मेजॉरिटी घालवून बसल्या, जपानमधे इशिबा पंतप्रधान म्हणून आल्यावर महिन्याच्या आत, २७ ऑक्टोबर २०२४ ला निवडणुकीला गेले आणि त्यांच्या आघाडीचं बहुमत गेलं. लोकांकडे गेलं की हरायची तयारी ठेवावी लागते, म्हणून तर बरेच जण जात नाहीत.

तुम्ही तिथं राहून करण्यासारखं काम एकच सांगतो. निवडणूक सक्तीची करा अशी मागणी करण्यापेक्षा तुमच्या खासदाराला लिहून विचारा की नवा पंतप्रधान आल्यावर आठवड्याभरात कॉमन्समधे, म्हणजे तिथल्या लोकसभेत, नावानिशी मतदान व्हावं याला तुमचा पाठिंबा आहे का. आयर्लंड समुद्रापलीकडे आहे, त्यांना जमतं. वेस्टमिन्स्टरला तर मतविभागणीची यादी दुसऱ्या दिवशी छापून येते, नुसता ठराव मांडायचा अवकाश. आणि कोण कसं वागलं हे लोकांच्या लक्षात राहत नाही असं समजू नका. साउथ वेस्ट नॉरफोक या मतदारसंघात २०१९ ला ट्रस २६,१९५ च्या आघाडीनं जिंकल्या होत्या. ४ जुलै २०२४ ला त्याच मतदारांनी त्यांना ६३० मतांनी पाडलं.